आईला यातलं काही नको

४ फेब्रुवारी

दादा,

'प्रिय' लिहून खोडलंय. सध्या नुसत्या 'दादा'वर भागव.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला अंगठा दाखवतोस, म्हणून पत्र. मेलने येत असलं तरी पत्रच आहे. यात तुला मला मध्येच तोडता येत नाही, एवढ्यासाठी तरी ते बरं.

बातमी कळली असेलच, पण घरच्या माणसाकडून कळलेली बरी. बाबा गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागेवर निवडणुकीला आई उभी राहतेय. हो, आपलीच आई. दाराची बेल वाजली की आधी आतल्या खोलीत जाणारी. बाबा इतकी वर्षं निवडून येत होते, तेवढ्या वर्षांत ती एकदाही व्यासपीठावर चढली नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातली ती अंधारी खोली, समोर एकच पेशंट, भिंतीवरची अक्षरं आणि "आधीचं बरं दिसत होतं की आत्ताचं?" हा एक प्रश्न, एवढ्यावर तिचं छान चाललं होतं. निवृत्तीनंतरही ती मधूनमधून तिथे जायची. आता तेही बंद झालंय.

उमेदवार ठरवायच्या त्या बैठकीतून तू उठून गेलास, त्यानंतर काय झालं ते तुला कुणी सांगितलं नसेल. काकांना स्वतःला उभं राहता येत नाही, त्यांच्यावर ती जुनी कोर्टकेस अजून चालू आहे. तू नोकरीचं पत्र खिशातून काढून दाखवलंस आणि आठवड्याभरात विमानात बसलास. माझा विचार कुणी केलाच नाही. नवऱ्याला सोडून कॅमेरा घेऊन हिंडणारी बाई मतं मागायला चालत नाही म्हणे. मग सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. ती म्हणाली, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे काय ते तुला-मला माहीत आहे. काकांनी त्याचा अर्थ 'हो' असा लावला आणि त्याच संध्याकाळी फोटोग्राफर बोलावला.

आता माझं. मी आईच्या प्रचारावर माहितीपट करतेय. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत, गाडीत, सभेत, घरात, तिच्यासोबत. उमेदवाराच्या इतकं जवळ कुणालाही जाऊ देत नाहीत रे. मी इतकी वर्षं धरणं आणि मासे यांच्यावर फिल्म काढत बसले, आता पहिल्यांदा माणूस मिळालाय. काका तर लगेच तयार झाले. "घरात कॅमेराबाई असताना बाहेरचा कशाला?" त्यांची अट एकच: दिवसभरात जे काही चित्रण होईल त्याची एक प्रत रोज प्रचार कार्यालयात द्यायची. "हरवलं-बिरवलं तर? घरचंच आहे सगळं." मी सही केली. घरचंच तर आहे.

मी तुझ्याकडे काही मागत नाहीये. कळवलं, एवढंच.

धाकटी


११ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, सवय आहे.

आम्ही सकाळी निघतो ते अंधार पडेपर्यंत फिरतो. पुढच्या सीटवर काका, मागे आई, आईच्या शेजारी मी आणि माझ्या मांडीवर कॅमेरा. काका सतत पेपरमिंट चघळत फोनवर बोलतात. त्यांचा आवाज गाडीत असा भरलेला असतो की काच खाली केली तरी तो बाहेर जात नाही. आई खिडकीतून बघत असते. भिंतींवर सगळीकडे तिचाच फोटो आहे आणि ती स्वतःचा फोटो आला की दुसऱ्या बाजूला बघते. हे मी टिपलंय. फार सुंदर आलंय.

भाषण दोन वाक्यांचं. "तुम्ही आलात, बरं वाटलं. माझ्याकडून होईल तेवढं करीन." मग बसते. काका माइक ओढून घेतात आणि उरलेला अर्धा तास ती मनाने किती मोठी आहे ते सांगतात. परवा एका सभेत पुढच्या रांगेतला एक म्हातारा डोळे बारीक करून तिच्याकडे बघत होता. ही व्यासपीठावरून उतरली, त्याच्यासमोर चार बोटं धरली आणि विचारलं, "किती?" मग म्हणाली, "उजव्या डोळ्यात मोतीबिंदू दिसतोय, पुढे ढकलू नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई दचकली. ती तिचं नेहमीचं कामच करत होती. काकांनी लगेच पोस्टरवाल्याला सांगितलं की उद्यापासून गाडीत डोळे तपासायचा तक्ता ठेवा. पोस्टरवाला म्हणजे आमच्या प्रसिद्धीचा माणूस. तो सगळीकडे असतो आणि त्याला सगळंच 'जबरदस्त' वाटतं. आईने दुसऱ्या दिवशी तक्ता पाहिला आणि गुपचूप उलटा करून ठेवला.

तिला आवडेल अशी एकच गोष्ट या सगळ्यात सापडलीय, आणि ती माझ्या कामातली आहे. प्रत्येक खोलीत चित्रण संपलं की आम्ही त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतो. नुसती शांतता. पंखा, नळ, लांबची गाडी, जे असेल ते. नंतर संवाद जोडताना मधल्या फटी भरायला ती लागते. त्यासाठी खोलीतल्या सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवायचं. पहिल्या दिवशी मी ओरडले, "कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही!" आणि काकांनी पेपरमिंट गालात दाबून धरलं. आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला काही बक्षीसच दिलंय. तेव्हापासून कुठेही गेलो की ती हळूच विचारते, "तुझं ते मिनिट घ्यायचंय ना गं अजून?" कधी कधी नको असलं तरी घेते मी. काका हात जोडून म्हणतात, "बाई, तुझ्या फिल्ममध्ये बोलणं आहे की नाही?"

ती दमलीय. वजन उतरलंय थोडं. काळजीचं काही नाही.

धाकटी


१५ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र पुढे ढकलू नकोस. आत्ता वाच, उभ्या उभ्या वाच.

आज दुपारी आम्ही एका शाळेच्या शिक्षकांच्या खोलीत थांबलो होतो. सभेला अवकाश होता. काका आणि पोस्टरवाला बाहेर खुर्च्या मोजून घेत होते. खोलीत आम्ही दोघीच. मी म्हटलं, चल, इथलं मिनिट घेऊन टाकू. आई खिडकीपाशी लाकडी खुर्चीत बसली होती, उजेड चांगला होता, म्हणून मी कॅमेराही चालूच ठेवला. कानाला हेडफोन लावला आणि बोटाने खूण केली.

अर्धं मिनिट झालं असेल. ती बोलायला लागली. माझ्याकडे न बघता, अगदी दवाखान्यातल्या आवाजात. जसंच्या तसं लिहिते:

"मला यातलं काही नको आहे. खुर्ची नको, गाडी नको. लोक माझ्याकडे इतक्या आशेने बघतात की मला त्यांच्यासमोर उभं राहायची भीती वाटते. मी त्यांना काय देणार? मला माझ्या खोलीत परत जायचंय. मला कुणीतरी घरी घेऊन चला."

आणि परत गप्प. मिनिट पुरं होईपर्यंत गप्प. तिला पक्कं माहीत होतं की माइक चालू आहे. तिने साऱ्या दिवसातलं तेवढंच मिनिट निवडलं, कारण त्या मिनिटात कुणी तिला 'अगं पण' म्हणणार नव्हतं. मलासुद्धा बोलायची बंदी होती ना.

नंतर मी तिच्याजवळ गेले. म्हटलं, आई, हे काकांना सांग. म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना, त्या बैठकीतच, बाजूला घेऊन." मग जे कळलं ते तू ऐक. काका म्हणाले होते, "वहिनी, तुम्ही नाही तर मग मला पोराला परत बोलवावं लागेल. मी बोलावलं की त्याला यावंच लागेल." म्हणून ती 'बघू' म्हणाली. तुला मोकळं ठेवायला ती तिथे बसलीय, दादा. मला हे माहीत नव्हतं. तुलाही नसणार, असं मी धरून चाललेय.

अर्ज मागे घ्यायला वीस तारखेच्या दुपारपर्यंत मुदत आहे. आई एकटी काकांसमोर उभी राहायची नाही, तिचं तुला माहीत आहे, तिला भांडता येत नाही, फक्त गप्प बसता येतं. काका माझं ऐकत नाहीत. तुझं ऐकतात. तुला यायचीही गरज नाही. फक्त काकांना एक फोन कर आणि सांग, "मी काही झालं तरी येणार नाही, आणि आईलाही सोडा." त्यांची धमकीच संपते मग.

पहिल्या पत्रात मी काही मागत नाही म्हटलं होतं. आता मागतेय.

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

तू फोन केला नाहीस. मी काकांना आडून विचारलं, ते म्हणाले, "त्याचा फोन? काय लॉटरी लागली का मला?"

मग मीच गेले. काल सकाळी प्रचार कार्यालयात, काकांना आतल्या खोलीत बसवलं, दार लावलं, हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि ते मिनिट दाखवलं. मला वाटलं, माझ्या तोंडून ऐकलं तर ते मला उडवून लावतील, पण तिच्या तोंडून ऐकलं तर माणूस विरघळेल. शेवटी बाबांचा भाऊ आहे.

विरघळले. खोटं नाही सांगत, काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. हेडफोन काढून ते बराच वेळ रुमालाने चष्मा पुसत बसले. म्हणाले, "वहिनी किती साध्या आहेत गं." मला वाटलं, जिंकलं. मी त्यांचा हात धरला. तेवढ्यात ते म्हणाले, "परत दाखव." मी परत दाखवलं. त्यांनी दार उघडलं आणि पोस्टरवाल्याला हाक मारली.

"हे बघ," ते म्हणाले. "आजच्या काळात कोण म्हणतं, मला खुर्ची नको? हे लोकांना दाखवलंच पाहिजे."

पोस्टरवाल्याने पाहिलं आणि पहिल्यांदाच तो 'जबरदस्त' म्हणाला नाही. नुसता छातीवर हात ठेवून उभा राहिला. तेव्हा मला भीती वाटली.

मी ओरडले. म्हटलं, ती घरी न्या म्हणतेय, तुम्हाला ऐकू येत नाही का? काका शांतपणे म्हणाले, "ऐकू येतंय म्हणून तर." मी कॅमेऱ्याचं कार्ड खिशात घालून निघाले. दारापर्यंत गेल्यावर आठवलं की पंधरा तारखेची प्रत त्यांच्याच कपाटात आहे. मीच नेऊन दिली होती, वर तारीख लिहून. रोज देत होते आणि रोज कुणीही ती उघडून बघत नव्हतं. नेमकं कुठे बघायचं ते मी जाऊन दाखवलं.

संध्याकाळपर्यंत ते प्रत्येकाच्या फोनवर होतं. त्यांनी एक शब्द कापला नाही. मला निदान तेवढी अपेक्षा होती रे, की घरी न्या म्हणतेय ते तरी ते कापतील, लाजेखातर. नाही. सगळंच्या सगळं ठेवलंय. फक्त खोलीची शांतता काढून तिथे व्हायोलिन घातलंय, आणि शेवटी पक्षाचं चिन्ह.

आईला मी सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "लोक काय म्हणतात?" मी म्हटलं, लोक रडतायत. तिने परत सुरी उचलली.

उद्या दुपारपर्यंत वेळ आहे अजून. मी ठरवलंय. कुणाचा फोन नको आणि परवानगी नको. सकाळी मीच तिला गाडीत घालून निवडणूक कार्यालयात नेते.

धाकटी


२० फेब्रुवारी

जमलं नाही.

काकांना एका मिरवणुकीची तयारी बघायला जायचं होतं, ते लवकर गेले. मी आईला म्हटलं, चप्पल घाल. तिने एक प्रश्न विचारला नाही. ओळखपत्र घेतलं, चष्मा घेतला, माझ्या गाडीत पुढे बसली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा पुढच्या सीटवर बसली होती. पट्टा लावताना ती हसत होती. खरंच हसत होती. मी कॅमेरा घेतला नव्हता, हे तुला मुद्दाम सांगतेय.

फाटक उघडलं तर बाहेर बायका. किती होत्या ते सांगता येणार नाही, गल्ली भरली होती. कुणी बोलावलं नव्हतं, निदान मला तरी तसंच वाटतं. व्हिडिओ बघून आल्या होत्या. गाडी पुढे जाईना. एकीने काचेवर टकटक केलं, आईने काच खाली केली. ती बाई कुठल्यातरी कारखान्यातली असावी, अंगावर निळा कोट होता. तिने आईचा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई," ती म्हणाली, "ज्यांना काही नको असतं ना, त्यांच्याकडून आम्हाला काहीतरी मिळतं. तुम्ही घाबरू नका. आम्ही आहोत."

मागून दुसरी म्हणाली, "घरी जायचं नाव काढू नका हं. आता हेच घर."

मी हॉर्न वाजवला. मी वाजवतच राहिले. त्यांना वाटलं, मी त्यांच्या सुरात सूर मिळवतेय. त्या टाळ्या वाजवायला लागल्या. आईने माझ्या मनगटावर हात ठेवला. म्हणाली, "नको. त्या लांबून आल्यात." आणि दार उघडून उतरली. एकेकीशी बोलत बसली. कुणाच्या मुलाच्या डोळ्याचं, कुणाच्या सासूचं. दुपार तिथेच उलटली.

काका परत आले तेव्हा गल्लीत ही गर्दी आणि गर्दीच्या मधोमध आई. त्यांना वाटलं, मीच जमवली. त्यांनी माझी पाठ थोपटली, दादा.


९ मार्च

दादा,

मतदान उद्यावर आलंय. तू ही पत्रं वाचतोस की नाही, मला कळायला मार्ग नाही. पण आता लिहायची खोड लागलीय. इथे दुसऱ्या कुणाशी बोलले तर ते व्यासपीठावर जातं.

काल शेवटची सभा होती. नाट्यगृहात, मोठ्या. आईने माइक हातात घेतला आणि नेहमीची दोन वाक्यं बोललीच नाही. म्हणाली, "मी खरं सांगते. मला मत देऊ नका."

मी कॅमेऱ्यामागे होते. माझा हात फोकस नीट करत होता, हे तुला सांगून टाकते. माझी आई तिथे तोंड उघडून जीव वाचवायला बघतेय आणि मी बघतेय की तिच्या डाव्या गालावर उजेड कमी पडतोय.

"मी विनयाने बोलत नाहीये," ती म्हणाली. "तुम्ही तो व्हिडिओ पाहिलात. तो मोठेपणा नव्हता. मला हे काम येत नाही. मला ते नको आहे. दुसऱ्या कुणालाही द्या, पण मला मत देऊ नका. हात जोडते."

आणि तिने खरंच हात जोडले.

आधी एक टाळी. मग सगळे उभे राहिले. वरच्या गॅलरीतले पाय आपटायला लागले. काका डोळे पुसत होते, पोस्टरवाला फोनवर चित्रण करत व्यासपीठाच्या कडेला गुडघ्यांवर बसला होता. आई हात हलवून सांगत होती, नाही, नाही. ती जेवढा हात हलवायची तेवढा आवाज वाढायचा. शेवटी ती थांबली. माइक खाली ठेवला आणि खुर्चीत जाऊन बसली, आणि मला समोर दिसत होतं की आता तिच्याकडे बोलायला एकही शब्द उरलेला नाही. 'हो' म्हटलं तरी हो, 'नाही' म्हटलं तरी हो.

परतताना गाडीत काका मागे वळून म्हणाले, "वहिनी, असं बोलणार आहात हे आधी सांगितलं असतंत तर टीव्हीवाल्यांना बोलावलं असतं."

मला कालपासून तीन ठिकाणांहून फोन आलेत. सगळ्यांना फिल्म हवीय. बाहेरच्या एका मोठ्या महोत्सवाचा माणूस म्हणाला, तुमच्या आईसारखं पात्र वर्षानुवर्षं मिळत नाही. मी 'थँक्यू' म्हटलं. फोन ठेवल्यावर मला स्वतःची शिसारी आली, आणि तरी मी त्याचा नंबर जपून ठेवलाय. सगळं बंद करून निघून जावं असं रोज सकाळी वाटतं. पण मी गेले तर तिच्याशेजारच्या सीटवर पोस्टरवाला बसेल.

आई तुझं नाव काढत नाही. पण तिने स्वतःचा फोन कधी नव्हे तो आवाज मोठा करून जवळ ठेवलाय. सभेतही मांडीवर असतो. मी एकदा विचारलं, कुणाचा येणार आहे? म्हणाली, "आता सगळीकडे गेलंय ना ते माझं बोलणं. तिकडेही गेलं असेल." थोड्या वेळाने म्हणाली, "त्याला कळेल. तो माझ्या आवाजावरून ओळखतो."

तुला आठवतंय का, लहानपणी ती डोकं दुखतंय हेसुद्धा सांगायची नाही आणि तू दुसऱ्या खोलीतून ओरडायचास, "आई, आडवी हो"? ती त्या भरवशावर आहे.

एवढंच लिहायचं होतं.

धाकटी


२३ मार्च

दादा,

निकाल तुला कळलाच. बाबांना कधी मिळाली नव्हती एवढी मतं पडली. काकांनी कार्यालयाच्या गच्चीवरून भाषण केलं आणि आई त्यांच्या मागे उभी होती, डोळ्यांवर दिवे येत होते म्हणून हात आडवा धरून. वर्तमानपत्रात तो फोटो 'जनतेला अभिवादन' म्हणून छापून आलाय.

काल शपथविधी होता. आम्हाला सकाळपासून सरकारी विश्रामगृहाच्या एका खोलीत बसवलं होतं. दोन पलंग, एक कपाट, खिडकीला जाळी. बाहेर काका, पोस्टरवाला, सुरक्षारक्षक, गाड्या. आई पलंगाच्या कडेला बसली होती. शेजारी पर्स, पर्सवर फोन. मी तिला म्हणत होते, काही खाऊन घे. तेवढ्यात फोन वाजला. तुझा मेसेज.

तिने तो इतक्या घाईने उचलला की पर्स खाली पडली.

तू काय लिहिलंस ते तुला पाठ असेल, तरी मी इथे उतरवते, कारण मला तुझ्याकडून ते एकदा वाचून घ्यायचंय. "आई, आत्ता पाहिले दोन्ही व्हिडिओ. काय बोललीस! मी रडलो. ऑफिसमध्ये सगळ्यांना दाखवलं, सगळे म्हणाले, अशी माणसं राहिली कुठे. मला तुझा फार अभिमान वाटतो. बाबांनाही वाटला असता. छान काम कर."

म्हणजे माझी पत्रं तू उघडलीच नाहीस. मी रात्रभर देवाकडे हेच मागत होते, की उघडलेली नसू देत. कारण ती वाचून, सगळं माहीत असून, तू हे लिहिलं असशील तर मला भाऊ नाही.

पण पत्रांची गरजच काय होती रे? परके लोक फसले, मी समजू शकते. काका फसले नाहीत, त्यांना फसायचंच होतं, तेही समजू शकते. तू तिच्या पोटचा. तुला तिचा आवाज आला ना? व्हायोलिनखालून का होईना, आला ना? ती 'मला घरी घेऊन चला' म्हणतेय, हे तू तुझ्या ऑफिसातल्या माणसांना दाखवलंस आणि एकालाही, तुलाही, असं वाटलं नाही की तिला घरी न्यावं.

मला तुझ्यावर ओरडायचं होतं म्हणून मी हे लिहायला घेतलं. पण खरं मला सांगायचंय ते यानंतर काय झालं ते.

तिने मेसेज वाचला. परत वाचला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. कॅमेरा पलंगावर होता, बंद. मला वाटलं, ती रडेल, किंवा निदान माझ्याकडे बघेल. तिने चष्मा काढून पुसला, घातला, आणि फोन माझ्यापुढे धरला.

"बघ," ती म्हणाली. "त्यालाही आवडलं."

मी म्हटलं, "आई, त्याला कळलं नाहीये. मी त्याला फोन लावते. आत्ता लावते."

"कशाला? छान लिहिलंय त्याने." तिने वाकून पर्स उचलली. फोनचा आवाज बंद केला, पर्समध्ये टाकला आणि चेन ओढून घेतली. मग विचारलं, "शपथ किती वाजता आहे गं?"

मी सांगितलं की अजून वेळ आहे, ते बोलावतील. इतक्या दिवसांत प्रत्येक सभेला काकांना तिला दोनदा हाक मारावी लागायची. पहिल्या हाकेला ती कुठेतरी आत असायची.

काल कुणीच हाक मारली नव्हती. ती उठली, आरशात न बघता केस सारखे केले आणि स्वतः दार उघडून बाहेर गेली. काका लगबगीने पुढे आले. मला आतून तिचा आवाज ऐकू आला, चांगला खणखणीत, मी आजवर न ऐकलेला. ती म्हणत होती, "चला, उशीर कशाला करायचा?"

धाकटी